मधल्या खोलीचा कागद

साक्षात ब्रह्मदेव सृष्टी विकायला निघाला असता, तरी आमच्या वकीलकाकांनी आधी त्याच्याकडे मालकीचे कागद मागितले असते, आणि त्याने ते पुढे केल्यावर चष्मा कपाळावर चढवून म्हटलं असतं, "ही झेरॉक्स आहे. ओरिजिनल कुठाय?" ब्रह्मदेवाला निदान चार तोंडं आहेत, एकाने नाही तर दुसऱ्याने त्याने वाद घातला असता. मला एकच आहे, आणि तेही त्या तीन महिन्यांत वाद घालून घालून कोरडं पडलं होतं.

आणि काम तरी केवढंसं! दिल्लीतल्या द्वारकात माझ्या आत्याचा सोसायटीतला फ्लॅट. आतोबा केंद्र सरकारच्या नोकरीत उभी हयात दिल्लीत काढून गेले, मूलबाळ नाही, आत्या एकटी. मी आणि माझा नवरा तेव्हा मुनिरकात भाड्याच्या खोलीत राहत होतो, जिथे एकाने कपाट उघडलं की दुसऱ्याने पलंगावर चढायचं. एका रविवारी आत्या म्हणाली, "अगं, तुम्ही तिकडे गुदमरताय आणि मी इथे रिकाम्या खोल्यांतून भुतासारखी फिरतेय. घर तूच विकत घे, मी तुमच्यात राहीन. मला काय, मागची खोली पुरे." आम्ही दोघी गळ्यात पडून रडलो आणि व्यवहार ठरला. बँकेने कर्ज मंजूर केलं, मुनिरकाच्या घरमालकाला मी खोली सोडतेय म्हणून सांगून टाकलं, त्याने नवा भाडेकरूही शोधला. उरली होती फक्त खरेदीखताची रजिस्ट्री. "त्याची काळजी नको," आत्या म्हणाली, "आपल्या गणपती मंडळातले वकील आहेत. आपला माणूस आहे." आपला माणूस म्हटलं की मी हल्ली दोन पावलं मागेच सरते.

वकीलकाकांचा जन्म दिल्लीचा, त्यामुळे त्यांचं वाक्य पुण्यात सुरू व्हायचं आणि करोलबागेत संपायचं. किडकिडीत अंगकाठी, मे महिन्यातही काळा कोट, आणि हातात एक फुगलेली बॅग. तिच्यात फूटपट्टी, मोजायची टेप, अंगठा उठवायचं स्वतःचं शाईचं पॅड आणि चहाचा थर्मास. पहिल्या दिवशी आत्याने हौसेने आलं घालून चहा केला, तर हे हात जोडून म्हणाले, "माई, माफ करा. दोन्ही पार्ट्यांचा वकील एक असला, की त्याने कुणाच्याच घरचा चहा पिऊ नये." आणि थर्मासमधला स्वतःचा गार चहा आमच्यासमोर प्यायले. मग सोफ्याकडे बघून म्हणाले, "विकणारे या बाजूला, घेणारे त्या बाजूला." मी आत्याला खेटून बसले होते, मला उठवून समोरच्या खुर्चीत बसवलं. आत्याने लाडवाची बशी माझ्याकडे सरकवली तर तिच्याकडेही संशयाने पाहिलं. मी "आत्या, तुझं आधार कार्ड कुठाय गं?" विचारलं, तर म्हणाले, "खरेदीदारांनी विक्रेतीला आत्या म्हणू नये. निदान मी असेपर्यंत."

मला हसू येत होतं तोवर ठीक होतं. पण पंधरा दिवसांनी हसू संपलं. काका प्रत्येक कागद ओळीखाली फूटपट्टी धरून वाचायचे, मध्येच कुणी खोकलं की पुन्हा पहिल्या ओळीपासून. मोबाइल होता, पण तो बंद असायचा, कारण "चालू ठेवला की लोक फोन करतात." सोसायटीचा दाखला आणला, तर त्यावरचा शिक्का पुसट. दुसरा आणला, तर सही शिक्क्याच्या खाली, वर हवी. एकदा तर कमालच केली. आत्याला गंभीर चेहऱ्याने विचारलं, "माई, साहेबांचं आणखी एखादं लग्न वगैरे?" मी तर गारच पडले. आत्या मात्र पदर खोचून म्हणाली, "अहो, त्यांना एकाच लग्नाची तारीख उभ्या जन्मात लक्षात राहिली नाही, दुसरं कुठलं झेपणार!" काकांनी ते शांतपणे लिहून घेतलं आणि म्हणाले, "अच्छा. मग तसं एक प्रतिज्ञापत्र करू."

इकडे माझा जीव नुसता टांगणीला. खोके बांधून झालेले, त्या खोक्यांवरच आम्ही जेवत होतो, नवा भाडेकरू रोज संध्याकाळी दारात येऊन "मॅडम, कब तक?" विचारत होता. ऑफिसात मीटिंग चालू असताना मी टेबलाखाली काकांचा बंद मोबाइल लावत बसायचे. शेवटी एके दिवशी तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "काका, घरच्या घरात कशाला हवेत इतके कागद? ती माझी सख्खी आत्या आहे!" त्यांनी फूटपट्टी खाली ठेवली. "मॅडम, चाळीस वर्षं कोर्टात काढली. बाहेरच्यांशी बिनसलं तर लोक भांडायला येतात यार. घरच्यांशी बिनसलं की रडायला येतात. आणि दर वेळी पहिलं वाक्य हेच असतं, घरच्या घरात कशाला कागद." एवढं बोलून त्यांनी बॅगेतून टेप काढली आणि घर मोजायला उठले.

घर मोजलं आणि घोडं पेंड खायला बसलं. नकाशात दोन बेडरूम, आत्याची मागची खोली नव्हतीच! मग आत्यालाच आठवलं. ती मुळात बाल्कनी होती. आतोबांनी आपल्या हौसेने काचा लावून, पत्रा टाकून तिची खोली केली होती, आणि सगळे तिला इतकी वर्षं खोलीच म्हणत आले होते. काका त्या पत्र्याखाली उभे राहून बराच वेळ वर बघत होते. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "म्हणजे माई बाल्कनीत राहणार."

"बाल्कनी काय, खोलीच आहे की! कूलर आहे, पलंग आहे," मी म्हणाले.

"कागदावर बाल्कनी आहे. उद्या सोसायटीने काचा काढायला लावल्या तर माई कुठे जाणार? मधली खोली द्या. आणि विक्रेती हयात असेपर्यंत ती खोली तिची, असं खरेदीखतात लिहा. नाहीतर मी हा कागद करणार नाही. दुसरा वकील बघा."

आता कबूल करते. मधली खोली, दिवसभर ऊन येणारी, मी मनात केव्हाच माझ्या ऑफिसच्या कामासाठी धरून ठेवली होती. टेबलाचं मापसुद्धा सुताराला दिलं होतं. आत्या आपली म्हणत होती, "अहो राहू द्या, मला पुरते ती." आणि मी, तिची लाडकी भाची, गप्प होते. म्हणून मग जास्तच चिडले. "मी काय म्हाताऱ्या आत्याला घराबाहेर काढणारेय? तुम्ही मला समजता काय?"

काका चिडले नाहीत. "तुम्ही नाही काढणार, बिल्कुल नाही. हा कागद तुमच्यासाठी नाहीच. दहा वर्षांनी या घरात जी बाई असेल ना, तिच्यासाठी आहे. तिला मी ओळखत नाही. तुम्हीही ओळखत नाही."

मी धुमसत सही केली. रजिस्ट्रीच्या दिवशी आत्याचा अंगठा काकांनी स्वतःच्या रुमालाने पुसला, कागद माझ्या हातात दिले, आणि आत्या "आता तरी चहाला चला" म्हणत असताना, दुसरी एक केस आहे असं सांगून रिक्षात बसून गेलेसुद्धा. आत्याने मधल्या खोलीत खिडकीशी पलंग लावला. मी माझं टेबल पत्र्याखाली मांडलं, आणि पहिल्या उन्हाळ्यात काकांच्या नावाने रोज बोटं मोडली.

त्याला आता आठ वर्षं होतील. गेल्या वर्षी मला बंगळुरूला मोठ्या पदाची नोकरी मिळत होती. फ्लॅटला गिऱ्हाईकही चालून आलं, त्याची अट एकच, घर पूर्ण मोकळं हवं. आत्याचे गुडघे गेलेत, ऐकू कमी येतं, तिला बंगळुरूला न्यायचं तर नवऱ्याचा आणि माझा रोज वाद. एका दुपारी मी इंटरनेटवर पुण्यातले वृद्धाश्रम बघत बसले होते. चांगलेच बघत होते, बाग वगैरे असलेले. मग गिऱ्हाइकाला दाखवायला खरेदीखत काढलं आणि ती ओळ समोर आली. विक्रेती हयात असेपर्यंत. मी ती तीनदा वाचली. पलीकडे आत्या उन्हाकडे पाठ करून लसूण सोलत होती, मला विचारत होती, "काय गं, चेहरा का उतरलाय?" काकांनी सांगितलेल्या त्या बाईची मला ओळख झाली होती, आणि मला तिची भयंकर लाज वाटली. बंगळुरूला मी नाही कळवून टाकलं.

हे काकांना सांगावंसं वाटलं. मंडळात विचारलं तर कळलं, वकिली सोडली, करोलबागचं घर मुलीच्या नावे केलं, तिने ते विकून फरीदाबादला मोठं घेतलं, आता तिच्याकडे असतात. आत्याने आलं घालून चहा केला, थर्मासमध्ये भरून दिला, आणि तो घेऊन मी फरीदाबादला गेले. मुलगी चांगली होती, हसून दार उघडलं, "पापा पीछे वाले कमरे में हैं" म्हणाली. मी मागे गेले. लांबट, अरुंद जागा, तीन बाजूंना काचा, वर पत्रा. कोपऱ्यात ती फुगलेली बॅग. काका पलंगावर बसून फूटपट्टी धरून पेपर वाचत होते.

"या, खरेदीदार!" ते म्हणाले. आणि लगेच, "माई कुठल्या खोलीत आहेत?"

"मधल्या."

"बरं," म्हणाले. मी थर्मासमधला चहा ओतून दिला. कप हातात घेऊन त्यांनी विचार केला, मग म्हणाले, "केस संपली आता. प्यायला हरकत नाही." आणि आठ वर्षांपूर्वीचा तो चहा त्यांनी चवीचवीने घेतला.

मला राहवेना. वर पत्र्याकडे बघत मी विचारलं, "काका, आणि तुमचा कागद?"

ते हसले. काचेतून आलेलं थोडंसं ऊन पेपरच्या घडीने अडवत म्हणाले, "छे हो. घरच्या घरात कशाला कागद."

मी त्यांना आणखी एक कप ओतून दिला.