उभं राहून ऐकलेलं गाणं

नलू गेल्याचं मला सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून कळलं. तिची सून फोन करत होती, पण मी कानाचं यंत्र काढून पूजेला बसले होते. मेसेज आमच्या सेक्रेटरींचा होता : ‘आपल्या सोसायटीचं देशभक्तिपर गीत दरवर्षी झेंड्यापुढे गाणाऱ्या नलिनीताई आज सकाळी गेल्या.’ खाली जोडलेल्या हातांची रांग आणि मध्येच कुणीतरी टाकलेले दोन तिरंगे. मी त्या तिरंग्यांकडेच बघत राहिले… रडू मागाहून आलं.

देशभक्तिपर गीत! हा शोध माझा. मुलुंड पूर्वेच्या आमच्या इमारतीत तेव्हा सगळ्याच सुना नव्या होत्या आणि मी महिला मंडळाची चिटणीस होते. चिटणीस म्हणजे काय, तर पदर खोचून कुणालाही हुकूम सोडणारी बाई. त्या पंधरा ऑगस्टला झेंडा वर गेला, राष्ट्रगीत झालं, माणसं खुर्च्यांवर टेकली आणि रेकॉर्ड प्लेअरने मान टाकली. पेढे यायचे होते, लोक चुळबुळायला लागले. तळमजल्यावर नुकतीच राहायला आलेली नलू काम करताना गुणगुणायची, ते मी जिन्यातून जाता-येता ऐकलं होतं. तिला दंडाला धरून पुढे ओढलं. “गा गं काहीतरी!” “मला तसलं काही येत नाही हो.” “येतं ते गा!” तिने डोळे मिटले आणि संथपणे सुरू केलं. चालत राहा, मागं वळून बघू नकोस, तुझ्या वाटेवर मी दिवा धरून उभी आहे… असं काहीसं. झेंड्याखाली ऐकलेलं, त्यामुळे मला वाटलं, सीमेवर निघालेल्या जवानाचं गाणं. मी ताडकन उठले. चिटणीस उठली म्हटल्यावर सगळेच उठले.

एवढ्यावर थांबले असते तर ती मी कसली! पुढच्या वर्षी नलूला म्हटलं, “जरा जोर हवा बाई.” शाळेतून ड्रम आणवला, चाल दुप्पट केली, चार पोरांना खाकी कपडे घालून हातात लाकडी बंदुका दिल्या. नलू ड्रमच्या मागे धावत धावत गायली. दरवर्षी गाणं संपलं, की पाण्याचा पेला घेऊन ती जिन्यात एकटीच जाऊन बसायची. मला वाटायचं, दमली असेल. माझी हुशारी ती एवढीच… पुढे ड्रम फाटला, बंदुकवाली पोरं परदेशात गेली, पण गाणं राहिलं आणि उभं राहणंही राहिलं. नवीन भाडेकरूसुद्धा आपोआप उठायचे.

या सव्वीस जानेवारीला माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन तीनच आठवडे झाले होते. नातवाने खुर्चीत आणून ठेवलं होतं, तशीच बसून राहिले. गाणं संपल्यावर नलू माझ्यापाशी आली. “शालन, आज पहिल्यांदा कुणी बसून ऐकलं.”

“मुद्दाम नाही गं, हा मेला गुडघा…”

“गप गो. बसूनच ऐकायचं गाणं ते.”

मग तिने सांगितलं. गाणं तिच्या आईचं, आईनेच जुळवलेलं. मोठा भाऊ दिनू सतरा वर्षांचा असताना गिरणीत कामाला म्हणून गावाहून मुंबईला निघाला, तेव्हा उंबऱ्यावर बसून म्हटलेलं. पुढे गिरणी बंद पडली. कुर्ल्याच्या खोलीतून एका सकाळी ‘काम बघून येतो’ म्हणून दिनू बाहेर पडला, तो आलाच नाही. आईने त्याच्या फोटोला हार घालू दिला नाही, दिवसकार्य करू दिलं नाही. शेवटपर्यंत ती उंबऱ्यात बसून हेच म्हणत राहिली.

“आणि मी पोरांच्या हातात बंदुका दिल्या! अगं, बोलली का नाहीस?”

नलू हसली. “पहिल्या दिवशी तू उठलीस तेव्हा मी घाबरलेच. मग बघितलं, तर अख्खी बिल्डिंग उभी. माझ्या दिनूसाठी कधी कुणी उभं राहिलं नव्हतं गो. म्हटलं, असू दे. कशाला बसवू?” मग म्हणाली, “तू सांग कधीतरी सगळ्यांना. मला नाही जमायचं. पण आधी गाणं पुरं होऊ दे.”

पंधरा ऑगस्टला सांगू म्हटलं. ती जुलैतच गेली…

शोकसभा सोसायटीच्या हॉलमध्ये झाली. सेक्रेटरींनी जानेवारीतलं रेकॉर्डिंग फोनवर लावलं. नलूचा आवाज आला आणि सगळे उठले. मी ठरवून आले होते, आज उठायचं नाही. बसून राहायचं, म्हणजे लोक विचारतील, मग सांगता येईल. पण आजूबाजूला ती सगळी उभी माणसं दिसली आणि माझा हात आपसूक खुर्चीच्या दांड्यावर गेला. “आजी, तुम्ही बसा ना,” शेजारची मुलगी कुजबुजली. मी उठलेच. गुडघा कळवळला.

गाणं संपलं. खुर्च्या सरकायला लागल्या.

“थांबा,” मी म्हटलं. “इतक्यात बसू नका. दिनू नावाचा एक मुलगा होता…”