नऊ नंबरची दुसरी टाकी

हियाम आमच्या संकुलात राहायला आली ती वडिलांना आणि एका जुन्या शिवणयंत्राला घेऊन. पन्नाशीला टेकलेली बाई. एका इस्पितळात क्ष-किरण विभागात कामाला होती, सकाळी साडेसहाला घर सोडायची. वडिलांना सगळे अबू अवनी म्हणत. त्यांनी चाळीस वर्षं अम्मान-दमास्कस रस्त्यावर बस चालवली होती, आता गुडघे पार गेले होते. ती दोघं चौथ्या मजल्यावर, नऊ नंबरात. मी त्यांच्या बरोबर खाली. माझं घर माझ्या नावावर आहे, तिचं भाड्याचं होतं. हा फरक केवढा असतो ते मला तिच्यामुळे कळलं.

आमच्याकडे सरकारी पाणी आठवड्यातून एकदाच, रविवारी. त्या दिवशी गच्चीवरच्या टाक्या भरतात आणि पुढचे सहा दिवस त्यावर काढायचे. प्रत्येक घराला दोन टाक्या. हियामच्या घरी मात्र बुधवारी संध्याकाळीच नळ खोकायला लागायचे.

तिने घरमालकाला, मुन्झिरला, कुवेतला फोन केला.

"दोन माणसांना दोन टाक्या पुरत नाहीत?" तो म्हणाला. "तुमच्या आधी पाच माणसं राहायची तिथे, कधी तक्रार नाही. जरा हात आखडता घ्या, बाई. आणि गच्चीचं सगळं समिती बघते, मी नाही."

समिती म्हणजे तळमजल्यावरचे अबू वाइल. संकुलात बाग फक्त त्यांनाच: जर्दाळूचं झाड, जाईचा मांडव, गुलाब. ते दारातच उभं राहून तिला म्हणाले, "समिती मालकांची आहे. तुमचं काय असेल ते मालकाकडून येऊ द्या."

"इकडे आड, तिकडे विहीर," हियाम मला म्हणाली, "आणि मावशी, दोन्ही कोरडे."

तिने एकदा गच्ची बघू द्या म्हणून अबू वाइलकडे किल्ली मागितली. भाडेकरूंना किल्ली देत नाहीत, ते टाक्यांची झाकणं उघडी टाकतात, असं उत्तर आलं. मग ती शहाताकडे गेली. शहाता आमचा राखणदार, इजिप्तचा. तो खाली मान घालून म्हणाला, "बाई, मला इथे दोन घास मिळतायत. किल्ली दिली तर माझंच बोचकं बाहेर पडेल."

ती आंघोळ इस्पितळात उरकून यायची. तांदूळ धुतलेलं पाणी संडासात जायचं. एकदा टँकर मागवला, तर तोही चार दिवसांत संपला. आपण वेडे तर झालो नाही ना, म्हणून तिने घरातल्या प्रत्येक नळाखाली रात्रभर वाटी ठेवून पाहिली. वाट्या कोरड्या.

एप्रिलमध्ये अबू वाइलच्या घरी समितीची बैठक झाली. मी मालकीण म्हणून गेले होते. कॉफी आली, वेलची घातलेली, छान. मग त्यांनी सूचना वाचली: नऊ नंबरातील भाडेकरू पाण्याची नासाडी करतात, त्यांना समज देण्यात येत आहे. कागद फिरत फिरत माझ्याकडे आला. मला माहीत होतं की हे खोटं आहे. तरी मी सही केली. सगळ्यांनी केली होती. दुसऱ्या दिवशी तो कागद लिफ्टशेजारी चिकटवलेला होता आणि हियाम त्याच्यासमोर बॅग घेऊन उभी होती. शेवटी सह्या होत्या. तिने त्या वाचल्या असणार. नंतर आठवडाभर तिने मला वर बोलावलं नाही.

मे महिन्यात एका गुरुवारी मी डाळ-भाताचं मुजद्दरा घेऊन अबू अवनींकडे गेले. दार उघडंच होतं. दुपारच्या नमाजाची वेळ. म्हातारा खुर्चीत बसला होता, मांडीवर एक गुळगुळीत धोंडा. त्याच्यावर तळवे टेकवून तो ते चेहऱ्यावरून फिरवत होता. नमाजाआधी हात-तोंड धुऊन वजू करायचं असतं; पाणी नसेल तर असं दगडावरही चालतं, वाळवंटात, प्रवासात. स्वतःच्या घरात कुणाला करताना मी पाहिलं नव्हतं.

मला पाहून ते ओशाळले. "मुलीला सांगू नका," म्हणाले. "ती माझ्यासाठी बाटल्यांत पाणी ठेवते. मी ते तिच्या चहासाठी राखतो."

हियाम कामावरून आल्यावर मी माझी गच्चीची किल्ली तिच्या हातावर ठेवली. "मी ती सही करायला नको होती," म्हटलं.

"हो," ती म्हणाली. "नको होती."

सोमवारी, म्हणजे टाक्या भरल्याच्या दुसऱ्या दिवशी, तिने रजा घेतली. ती गच्चीवर गेली आणि मी तिच्या स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहिले, कानाला फोन.

"पहिली टाकी बंद केली," ती म्हणाली.

धार बारीक झाली आणि थांबली.

"थांबलं," मी म्हटलं.

"मावशी, दुसरी काठोकाठ भरलीय. वर लाल रंगात नऊ लिहिलंय. तिचा पाइप टीव्हीच्या डिशांच्या मागून पुढच्या बाजूला जातोय." ती पाइपच्या कडेने कठड्यापर्यंत चालत गेली. "खाली बागेकडे उतरतोय."

आम्ही तिच्या टेबलाशी बसून मुन्झिरला फोन लावला. तिने शांतपणे सगळं सांगितलं.

"अच्छा, ते होय," तो म्हणाला. "घर वर्षभर रिकामं होतं ना, तेव्हा अबू वाइलनी विचारलं होतं. मीच म्हटलं, वापरा, झाडं तरी जगतील. मग राहूनच गेलं बघा."

"तुम्हाला माहीत होतं," हियाम म्हणाली. "पाच महिने तुम्ही मला हात आखडता घ्यायला सांगत होतात."

"आता कळलं ना? मग झालं की."

तिने फोन ठेवला आणि उठून कोरडं सिंक पुसायला लागली.

नऊ दिवसांनी नळवाला आला आणि पाइप जोडून गेला. माफी कुणी मागितली नाही. अबू वाइलनी शहाताच्या हाती ताटभर जर्दाळू पाठवले. आमच्याकडे शेजाऱ्याचं ताट रिकामं परत करत नाहीत. हियामनेही केलं नाही: तेच जर्दाळू, एकालाही हात न लावता, तसेच परत पाठवले.

पुढच्या बैठकीत मी म्हटलं, तो नासाडीचा कागद काढा. अबू वाइल म्हणाले, विषयपत्रिकेवर नाही. त्याऐवजी नवी सूचना लागली, मालकांनी किल्ली इतरांच्या हाती देऊ नये. जुना कागद मी स्वतः नखाने खरवडून काढला. अर्धाच निघाला.

करार संपायच्या दोन महिने आधी मुन्झिरने कळवलं की पुतण्या राहायला येणार आहे, घर सोडा. अबू अवनी म्हणाले, "बसचंही असंच असतं. सीट गरम झाली की थांबा येतो." हियाम हसली नाही. पुतण्या काही आला नाही. नऊ नंबर हिवाळाभर बंद होतं.

मधे मी तिला फोन केला. नवं घर शहराच्या पूर्वेला, मार्का वस्तीत आहे, पहिल्या मजल्यावर.

"पाणी?" मी विचारलं.

"पाणी आहे, मावशी. बाबा दोनदा आंघोळ करतात. पण जिन्यात दिवा नाही. मालकाला सांगितलं."

"मग?"

"म्हणतो, समितीला विचारा."