मुनिबाला कमी पडलेलं एक मत

मस्कतच्या आमच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी मुनिबावर पानभर लिहून दे, असं माझ्या नवऱ्याने, रमणने, मला सांगितलं. मथळाही त्यानेच सुचवला: ‘आपल्या मस्कतने घडवलेली अभिनेत्री’. ते ऐकून माझं डोकंच फिरलं. मुनिबा आता इंग्लंडमध्ये आहे. गेल्या महिन्यात तिथल्या एका मालिकेत ती वकील म्हणून दिसली आणि मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अभिनंदनाचा पूर आला. ‘प्राउड मोमेंट’ लिहिणाऱ्यांत रमण पहिला. म्हटलं, पान कशाला, चांगली दोन पानं लिहिते.

मुनिबा मूळची कोकणातल्या हर्णैची, पण जन्मली आणि वाढली इथल्या हमरिया भागात. तिचे वडील हसनभाई शिंपी. खाली दुकान, वर दोन खोल्या. मंडळाच्या कार्यक्रमांचे कपडे मी त्यांच्याकडूनच शिवून घेते, त्यामुळे ही पोर मी फ्रॉकमध्ये असल्यापासून पाहिलेली. मराठी बोलताना अडखळायची, घरची कोकणी आईजवळ बोलायची, आणि इंग्रजी मात्र असं की टीव्हीवरची बाई बोलतेय असं वाटावं. शाळेतल्या इंग्रजी नाटकांत दरवर्षी मोठी भूमिका तिचीच. जमिलाभाभी पहिल्या रांगेत बसायच्या, आणि हसनभाई सर्वांत मागे उभे राहायचे, दुकान बंद करून धावत आलेले.

“वहिनी, मना इंग्रजी कलत नाय,” ते एकदा मला म्हणाले. “पन ती बोलते तवा मानसां गप होतात, ता मना कलता.”

इथल्या इंग्रज मंडळींचा एक हौशी नाट्यसंच आहे. तेल कंपन्यांतले साहेब, त्यांच्या बायका, शाळांतल्या शिक्षिका. कॉलेज संपवून मुनिबा इथल्याच रुवी भागातल्या एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला लागली आणि संध्याकाळी या संचात जाऊ लागली. पहिल्या नाटकात ट्रे घेऊन आली. दुसऱ्या नाटकात मोलकरीण. तिसऱ्यात आया, आणि वर दिग्दर्शक नायजेल तिला म्हणाला की तुझं इंग्रजी फार स्वच्छ आहे, जरा मोडकं बोल. ती मोडकं बोलली. लोक पोट धरून हसले. मी नाही हसले.

मग एका इंग्लिश मालिकेचं चित्रीकरण इब्रा गावाजवळच्या वाळवंटात झालं. हिला हॉटेलातल्या रिसेप्शनिस्टचं काम मिळालं, चार वाक्यांचं. आम्ही सगळे हसनभाईंच्या घरी बिर्याणी खाऊन मालिका बघायला बसलो. पडद्यावर तोंड मुनिबाचं आणि आवाज भलत्याच बाईचा, तोही ‘इंडियन’ उच्चारांचा, मुद्दाम हेल काढलेला. तिला न विचारता, न सांगता. जमिलाभाभींना वाटलं टीव्ही बिघडलाय. मुनिबा उठून ताटं आवरायला लागली. त्या दिवशी मला पहिल्यांदा राग आला, आणि खरं सांगायचं तर तो अजून उतरलेला नाही.

तरी पोरगी संचात जात राहिली. पुढच्या नाटकात तिला भूमिकाच मिळाली नाही, प्रॉम्प्टर केलं. विंगेत उभं राहून विसरलेलं वाक्य पुरवायचं. नाटक जुनं इंग्रजी होतं. एकोणीस वर्षांची ॲलिस बापाचं घर सोडून निघते, त्याची गोष्ट. ॲलिस करणार होती हेलन नावाची शिक्षिका. तीन महिने तालमी झाल्या. हेलन नसेल त्या दिवशी ॲलिसची वाक्यं मुनिबा म्हणायची, पुस्तक न उघडता. मी एकदा तिला न्यायला गेले होते तेव्हा ऐकलं. हातातला चहा निवला तरी मला भान नव्हतं.

प्रयोग दोन दिवसांवर आला आणि हेलनचे वडील तिकडे इंग्लंडमध्ये आजारी पडले. ती विमानाने निघून गेली. आता ॲलिस कोण? हा प्रश्न हसनभाईंना पडलाच नाही. ॲलिसचा निळा झगा त्यांनीच फुकट शिवला होता, हेलनच्या मापाचा. बातमी कळली त्याच संध्याकाळी त्यांनी तो मुनिबाच्या मापाने आत घेतला. माप घ्यायचीही गरज नव्हती. पोरीने तो घालून आरशात पाहिलं. मी तिथेच होते. माझ्या ब्लाउजचं काम बाजूला पडलं, आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

इकडे संचाची कमिटी बसली. पाच जण, आणि त्यात एकुलता एक इंडियन म्हणजे संचाचा खजिनदार, आमचा रमण. या खुर्चीचा त्याला केवढा अभिमान! तिथे जायचं म्हणून खास ब्लेझर शिवलाय. दोघांचं म्हणणं, मुनिबाला पाठ आहे, तिलाच उभी करा. नायजेल आणि कमिटीतल्याच मार्जोरीबाईंचं म्हणणं, बाप गोरा आणि मुलगी अशी, प्रेक्षकांचा गोंधळ होईल. त्यापेक्षा मार्जोरीबाईच ॲलिस करतील, हातात पुस्तक धरून. मार्जोरीबाईंना नातवंडं आहेत. एकोणीस वर्षांच्या मुलीची भूमिका चष्मा लावलेली आजी वाचून दाखवणार, त्याने मात्र कुणाचा गोंधळ होणार नव्हता!

मतं दोन-दोन. पाचवं मत रमणचं. त्याने हात मार्जोरीबाईंसाठी वर केला.

“अगं, आपलीच मुलगी ना ती,” घरी आल्यावर तो मला समजावत होता, बूट काढता काढता. “मी तिच्यासाठी हात वर केला असता तर म्हणाले असते, इंडियन इंडियनला पुढे ढकलतोय. आपण फेअर दिसायला हवं.”

“फेअर दिसायला?” मी म्हटलं. “उत्तम कोण करतं, ते नाही बघितलंस?”

“ते सगळ्यांनाच माहीत आहे गं.”

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं. याला माहीत होतं! माहीत असूनही हा निःपक्षपाती दिसायला बसला होता. आपल्या लोकांचा हा रोग मी परदेशात बावीस वर्षं बघतेय. आपला माणूस चांगला असेल तर त्याला जास्तच कडक माप लावायचं, म्हणजे साहेब आपल्याला भला माणूस म्हणतो.

दुसऱ्या दिवशी कहर झाला. झगा मार्जोरीबाईंना होईना, म्हणून हसनभाईंना निरोप द्यायचं काम रमणवर आलं, का तर त्याला भाषा येते. मी दुकानात होते. त्याचा आवाज फोनबाहेर ऐकू येत होता. “हसनभाई, झगा जरा सैल करायचाय, मार्जोरी मॅडमच्या मापाने. उद्यापर्यंत, यल्ला, लवकर.”  हसनभाई “इन्शाल्ला” म्हणाले, फोन ठेवला आणि आदल्या संध्याकाळी घातलेली शिवण उसवायला घेतली. मुनिबा समोर बसून कापड ताणून धरत होती.

“नको करू हे,” मी तिला म्हटलं. “जाऊच नकोस उद्या. बघून घेऊ दे त्यांचं त्यांना.”

“आंटी, प्रॉम्प्ट कोण करणार?” ती म्हणाली. “बाकीच्यांनी किती मेहनत केलीये.”

प्रयोग झाला. मार्जोरीबाई पुस्तक घेऊन वावरल्या. प्रेमाचा प्रसंग आला की चष्मा वर ढकलायच्या. लोक सभ्य होते, खोकत होते. शेवटच्या अंकात ॲलिस बापाला सांगते की मी निघाले, तिथे बाईंनी दोन पानं एकदम उलटली आणि गाडी अडली. विंगेतून मुनिबाने हळूच वाक्य दिलं. बाईंना ऐकू गेलं नाही. तिने पुन्हा दिलं. बाई पानं चाळतच राहिल्या. तेव्हा मुनिबाने ते पूर्ण म्हटलं, मोठ्याने, जसं म्हणायला हवं तसं. मला इंग्रजी येतं, पण त्या वाक्याला इंग्रजी यायची गरज नव्हती. खोकणारे खोकायचे थांबले. बापाचं काम करणारा साहेब तर वळून विंगेकडेच बघायला लागला. मागे उभ्या असलेल्या हसनभाईंनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. आणि मग मार्जोरीबाईंना पान सापडलं आणि त्यांनी तेच वाक्य वाचून दाखवलं.

शेवटी नायजेलने सगळ्यांचे आभार मानले आणि “आमची गुणी प्रॉम्प्टर” असंही म्हणाला. टाळ्या वाजवायला रमण उभा राहिला. उभा! मी त्याला ब्लेझर धरून खाली ओढलं.

बाहेर सामोसे आणि सरबत होतं. मुनिबा आमच्याकडे आली. चेहरा शांत.

“रमण अंकल, एक विचारू? माझं काही चुकत होतं का? ॲलिसमध्ये?”

“छे छे, बेटा!” रमण म्हणाला. “तू बेस्ट होतीस. पण तू आपली. आपल्या माणसासाठी आपणच बोलणं बरं दिसत नाही ना.”

 मराठी शब्द जुळवायला तिला वेळ लागतो.

“म्हणजे मी त्यांची नाही म्हणून ते नाही म्हणाले,” ती म्हणाली, “आणि तुमची आहे म्हणून तुम्ही.”

 ती मला “येते आंटी” म्हणाली, मार्जोरीबाईंनी खुर्चीवर टाकलेला निळा झगा घडी करून तिने पिशवीत घातला, आणि हसनभाईंच्या मागोमाग चालू लागली. पुढच्या महिन्यात तिने इंग्लंडच्या नाट्यशाळेसाठी अर्ज केला. ओळखीच्या दोन माणसांची शिफारस लागत होती. रमण आपणहून द्यायला तयार होता, पण तिने त्याला विचारलंच नाही.