पोपड्यांची हमी

बत्तीस वर्षं मी सातपूरच्या एका कारखान्यात रंग उडालेल्या वस्तू नापास करण्याचा पगार घेतला.

विजेच्या पॅनेलांचे पत्र्याचे डबे रंगून यायचे आणि मी त्यांच्यावर बॅटरी मारून बघायचो. मोहरीएवढा टवका दिसला की लाल शिक्का! रंगाऱ्यांनी माझं नाव 'शनी' ठेवलं होतं, आणि ते मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत होतं. निरोप समारंभात मिळालेला नारळसुद्धा मी सगळ्या बाजूंनी फिरवून बघितला होता. हे एवढ्यासाठी सांगतोय, की अशा माणसाच्या घरात सुनेनं कुठला धंदा काढावा? तर जुन्या लाकडी सामानाला नवा रंग लावायचा आणि मग तोच रंग खरवडून काढायचा!

आमची मृणाल तशी गुणी मुलगी. जुन्या बाजारातून मोडकी स्टुलं, तिपाया, आरशाच्या चौकटी आणायची, शेजारच्या युसुफभाई सुताराकडून सांधून घ्यायची, छान रंगवायची आणि मग त्यांची अशी दशा करायची, की भंगारवालासुद्धा दोनदा विचार करील. आणि लोक ते हौसेनं विकत घेतात! पहिलं स्टूल बघून मी तिला बाजूला घेऊन हळूच सांगितलं होतं.

"मृणाल, याचे पोपडे निघालेत गं."

"हो ना बाबा! मस्त निघालेत ना?"

मस्त! यापेक्षा लहान पोपड्यासाठी मी दोन माणसांची बढती अडवली होती. पण सुनेच्या धंद्यात सासऱ्यानं नाक खुपसू नये म्हणून मी गप्प बसलो. (माझी पत्नी सुनंदा म्हणते, मी गप्प बसलो नव्हतो. तिच्याकडे लक्ष देऊ नका.)

मग इगतपुरीच्या एका मॅडमची ऑर्डर आली. त्यांनी घाटमाथ्यावर पाहुण्यांना राहण्यासाठी बंगला काढला होता. तिथल्या ओसरीवर त्यांना जाळीचं जुनं कपाट हवं होतं. पांढरं, पण पांढऱ्याचे पोपडे निघून खालचा हिरवा रंग डोकावणारं. हे पसंत पडलं तर बंगल्यातलं बाकीचं सगळं लाकडी सामान मृणालकडेच येणार होतं. शाळेतली नोकरी सोडून तिनं हा उद्योग मांडलेला, आणि माहेरचा प्रत्येक माणूस फोनवर आधी 'जमतंय का?' असंच विचारायचा. तेव्हा हे कपाट पसंत पडणं तिच्यासाठी फार मोठी गोष्ट होती. मलाही ते मनापासून हवं होतं.

मॅडम रविवारी अकराला येणार होत्या. आणि त्याच आठवड्यात देवळ्याला मृणालच्या मामेभावाचा साखरपुडा निघाला. ती आणि आमचा अमित गुरुवारी निघाले. निघताना तिनं मला कपाटापुढे उभं केलं.

"बाबा, हिरवा हात वाळलाय. त्याच्यावर पांढऱ्याचा एकच पातळ हात मारून ठेवा. बाकी काही करू नका. अगदी काहीच नाही. उरलेलं मी शनिवारी आल्यावर बघते."

"रंग कसा मारायचा हे तू मला शिकवतेस?"

"शिकवत नाही हो बाबा. विनवण्या करतेय."

ती गेली. मी चष्मा लावला, बॅटरी घेतली आणि (सवय!) कपाट तपासायला बसलो. आणि काय बघतो? कपाटाच्या कडांना, मुठीभोवती, पायांवर, सगळीकडे मेण! माझ्या अंगावर काटा आला. मेणावर रंग धरत नाही हे रंगकामातलं पहिलीच्या वर्गातलं ज्ञान आहे. मला वाटलं, लाइट गेली असणार, पोरीनं मेणबत्ती घेऊन काम केलं असणार आणि ती सगळीकडे ठिबकली असणार.

"सुनंदा, बरं झालं मी बघितलं! नाहीतर सगळा रंग सुटून आला असता."

"तिनं काही करू नका म्हटलंय ना?"

"अगं, पण मेण आहे!"

"असू दे. तुमच्या डोक्यावर ठिबकलंय का?"

बायकांना मूलभूत गोष्टी समजत नाहीत. मी थिनरनं मेणाचा शेवटचा ठिपकासुद्धा पुसून काढला. पॉलिश पेपर फिरवला. खड्डे दिसले तिथे लांबी भरली. प्रायमर मारला. आणि पांढऱ्या ऑइलपेंटचा एक नाही, चांगले दोन हात दिले. काम संपल्यावर मी कपाटाच्या बाजूच्या फळीत बघून भांग पाडला, इतकं ते स्वच्छ दिसत होतं.

शनिवारी दुपारी मंडळी देवळ्याहून कांद्याची गोणी घेऊन आली. मृणालनं कपाट बघितलं.

"बाबा... मेण होतं ना याच्यावर?"

"काढलं."

"सगळं?"

"मी अर्धवट काम करत नाही."

ती कांद्याच्या गोणीवरच बसली. मग तिनं मला समजावून सांगितलं, की मेण तिनंच चोळलं होतं. मेणावर पांढरा रंग धरत नाही, नंतर नुसतं घासलं की तेवढ्या जागचे पोपडे निघतात आणि खालचा हिरवा दिसतो.

"म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दाम, बाबा."

अख्ख्या नोकरीत रंगाच्या बाबतीत हा शब्द मी ऐकला नव्हता! मुद्दाम! नव्यानं मेण लावून पुन्हा रंगवायचं तर ऑइलपेंट उद्या अकरापर्यंत वाळणार कसा? एकच उपाय राहिला होता, तो म्हणजे आहे तोच रंग खरवडणं.

मृणालनं पॉलिश पेपर घेतला. नुसती पांढरी धूळ निघाली, पोपडा नाही. अमितनं मोटारसायकलची किल्ली घासली. किल्ली वाकली. सुनंदा स्वयंपाकघरातून उलथनं घेऊन आली आणि माझ्याकडे बघत बघत कपाटावर वार करू लागली. (तिचा नेम कपाटावरच होता, असं मी धरून चाललो.) शेवटी युसुफभाईंना हाक मारली. त्यांनी पटाशी लावली, हातोडा मारला, आणि पटाशी सर्रकन घसरली.

"या अल्ला! भाऊसाहेब, लावलंय काय हे? पटाशी धरत नाय ना राव!"

"प्रायमर," मी म्हणालो. "आधी पृष्ठभाग साफ केला की असं होतं."

खोटं कशाला सांगू, माझी छाती तेव्हा दोन इंच फुगली होती. सून समोर रडकुंडीला आलेली आणि मी आपला मनात म्हणतोय, वा रे पठ्ठ्या!

"बाबा, तुम्ही हसताय?"

"छे गं! उन्हामुळे डोळे बारीक झाले."

आम्ही घरात होतो.

युसुफभाईंनी ईर्ष्येला पेटून एका पायावर असा घाव घातला, की टवका उडाला. पण रंगाचा नाही, लाकडाचा! आणि त्या लाकडाच्या तुकड्यावर माझा पांढरा रंग जसाच्या तसा होता. तेव्हा मृणाल हळूच म्हणाली, "राहू दे. मी मॅडमना सांगते, नाही जमलं." आणि आत निघून गेली. ती मला बोलली असती तर बरं वाटलं असतं. मला फार वाईट वाटलं.

रविवारी अकराला मॅडम आल्या. कपाटाभोवती फिरल्या.

"एक पाय सोडला तर हे कोरं करकरीत दिसतंय."

मृणालनं जे झालं ते खरं खरं सांगून टाकलं. मॅडम भल्या होत्या. हसल्या आणि म्हणाल्या, "असू दे गं. आमच्या इगतपुरीचा पाऊस माहितीये ना? ओसरीवर ठेवते. एका पावसाळ्यात आपोआप निघतील याचे पोपडे."

मृणालच्या जिवात जीव आला. अमितनं हुश्श केलं. सुनंदा चहा टाकायला उठली. प्रश्न मिटला होता. मी फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

"काय म्हणालात?" मी म्हणालो.

"पोपडे निघतील म्हटलं."

"माझ्या रंगाचे? एका पावसाळ्यात?"

"अहो!" सुनंदा.

"तू थांब! मॅडम, एक सोडा, पाच पावसाळे हे कपाट घाटात उघड्यावर ठेवा! ही घ्या किल्ली, ओढा रेघ! ओढा! घाबरता काय?"

मॅडमनी रेघ ओढली. रेघ उमटली नाही.

"नक्की निघणार नाहीत पोपडे?"

"लिहून देतो!"

"मग मला नको हे," मॅडम म्हणाल्या आणि पर्स उचलली.

मृणालनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसतं 'बाबा?' असं होतं. बत्तीस वर्षं भल्याभल्या साहेबांच्या दबावाला मी दाद दिली नव्हती. इथे मात्र त्या एका नजरेपुढे मी वाकलो.

"मॅडम, थांबा," मी घसा साफ करत म्हणालो. "तसं बघायला गेलं तर... प्रायमर जरा ओलाच होता." (साफ खोटं!)

"अस्सं?"

"आणि दुसरा हात... घाईत मारला." (देवा!)

"मघाशी काहीतरी लिहून देत होतात ना?"

मृणालनं धावत जाऊन वही आणली. मी स्वतःच्या हातानं लिहिलं: 'सदर कपाटाचा रंग येत्या पावसाळ्यात उखडेल, याची मी हमी देतो. न उखडल्यास समक्ष येऊन उखडून देईन.' खाली सही. सहीखाली 'निवृत्त रंग तपासनीस'. साक्षीदार म्हणून शेजारून बोलावलेल्या युसुफभाईंनी इतक्या आनंदानं सही केली, की वहीचं पान फाटलं.

कपाट टेम्पोत बसून इगतपुरीला गेलं. जून गेला, जुलै गेला. इगतपुरीला धो धो पाऊस पडल्याच्या बातम्या मी रोज मोठ्यानं वाचायचो. एक ना एक दिवस फोन येणार, रंग हलला नाही म्हणून, आणि मी पटाशी घेऊन ताठ मानेनं एस.टी.त बसणार, असं माझं ठरलेलं होतं.

गणपतीच्या आधी मॅडमनी फोटो पाठवला. अख्ख्या कपाटाचा पांढरा रंग भाकरीच्या पापुद्र्यासारखा सुटून आला होता आणि खालून हिरवा दिसत होता. सोबत निरोप: 'काका, जादू आहे तुमच्या हातात! सहा खुर्च्या आणि दोन पलंग पाठवतेय.'

मृणाल माझ्या पाया पडली. सुनंदानं बासुंदी केली. मी तो फोटो मोठा करकरून बघत होतो. लाकूड दमट असणार, म्हणालो. डबा जुना निघाला असणार, म्हणालो. फोटोच खोटा असेल, असंही म्हणून बघितलं. संतापानं मी बासुंदीला हात लावला नाही. (नंतर लावला. कोणी आग्रहच करेना.)

परवा त्या सहा खुर्च्या आल्या. मी मान खाली घालून मृणालला विचारलं, "यांचे पोपडे काढायला या वेळी काय करायचं ठरवलंयस?"

"काहीच नाही बाबा," ती अगदी मनापासून म्हणाली. "तुम्ही फक्त नेहमीसारखं मन लावून रंगवा."