सविताताईंचा कॉम्प्युटर उघडला तेव्हा

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत. माणूस कॅबिनेट काउंटरवर ठेवतो, "काही नाही हो, नुसता बंद पडलाय" म्हणतो, आणि तिथूनच एक सुरू होतो. काळेवाडीत मामाच्या दुकानात येऊन मला सहा महिने झाले. आता मैत्रिणी फोनवर "कशी आहेस" असं विचारतच नाहीत, थेट "आज काय झालं" विचारतात!

खरं तर मी आले होते वेगळ्याच तयारीनं. जर्मनीत ई-कचऱ्यावर प्रबंध लिहिला होता. विमानात बसल्या बसल्या ठरवलं होतं की लोकांना जागं करायचं. इथे दर तीन वर्षांनी माणसं कॉम्प्युटर भंगारात देत असणार, आणि मी आडवी उभी राहून त्यांना थांबवणार!

प्रत्यक्षात मामाच्या दुकानातला सगळ्यात तरुण कॉम्प्युटर नऊ वर्षांचा होता. एकाचा तर चौथा मालक चालू होता, आणि तोही "अजून पाच-सात वर्षं काढायचीत" म्हणून घेऊन आलेला.

तरी मी हिंमत सोडली नाही. दुकानाबाहेर मोठा कागद लावला : 'जुने कॉम्प्युटर फेकू नका, सुधारा!' शेजारचे रिक्षावाले भाऊ तो दोनदा वाचून आत आले.

"मॅडम, फेकतंय कोण?"

"बरेच लोक फेकतात."

"मग पत्ता द्या ना. मी रिक्षा घेऊन जातो!"

* * *

दुकानात आम्ही दोघं, मामा आणि मी. तिसरे तांबे काका. ते चाकणजवळच्या गावचे. पत्र्याचे भाग दाबून काढणाऱ्या एका प्रेस शॉपमध्ये चाळीस वर्षं मेंटेनन्सला होते, आता निवृत्त होऊन मुलाकडे काळेवाडीत राहतात. दुकानात त्यांना काही काम नसतं, म्हणून ते अगदी वेळेवर येतात.

एका संध्याकाळी सविताताई आल्या. स्कूटीच्या पायाशी कॅबिनेट, ते ओढणीनं बांधलेलं. मूळच्या जालन्याकडच्या, आता चाकणच्या एका कंपनीत गाड्यांची वायरिंग जोडतात. पहिली शिफ्ट करून आल्या होत्या.

"काय होतंय?" मी विचारलं.

"ड्रॉइंग फिरवलं की हँग व्हायलंय."

त्यांच्या कंपनीच्या ड्रॉइंग सेक्शनमध्ये दोन जागा निघाल्या होत्या. जोडणीच्या लाइनवरच्या बायकांनाही परीक्षा देता येणार होती. कॉम्प्युटरवर वायरिंगचं थ्री-डी ड्रॉइंग काढून दाखवायचं. ताई एका क्लासमध्ये ते शिकल्या होत्या, पण सराव करायचा घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर, आणि तो ड्रॉइंगचं नाव काढलं की बसकण मारायचा. परीक्षा दहा दिवसांवर.

"अकरा वर्षं उभी हाय मी लाइनवर," त्या म्हणाल्या. "गुडघे बोलायलेत आता. ड्रॉइंगवाल्यांना खुर्ची असती मॅडम. मला ती खुर्ची पाहिजे."

मला इतकं भरून आलं की मी तिथल्या तिथे भाषणच सुरू केलं. ग्राफिक्स कार्ड बदलू, मेमरी वाढवू, पण नवीन काहीही विकत घ्यायचं नाही, सगळं जुन्यातलं, प्रत्येक यंत्राला दुसरं आयुष्य मिळालंच पाहिजे वगैरे. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"दहा दिवसात मिळंल ना पण?"

* * *

झाकण उघडलं. पॉवर सप्लायच्या डब्यावर हळदीकुंकवाची बोटं. ठीक आहे, खंडेनवमीला या भागात स्क्रू ड्रायव्हरचीही पूजा होते. पण पंख्याच्या आत झेंडूच्या वाळक्या पाकळ्या! चिमट्यानं एकेक काढत मी पर्यावरणाच्या, विजेच्या आणि विज्ञानाच्या अशा तिन्ही बाजूंनी समजावलं.

"ताई, पंख्याच्या आत फुलं वाहायची नसतात हो!"

"आत कोण वाहतंय? मी बाहेरच ठेवली होती." मग जरा कौतुकानं म्हणाल्या, "त्यानं ओढून घेतली."

* * *

आता ग्राफिक्स कार्ड. पडद्यावरचं ड्रॉइंग फिरवायची मेहनत हा भाग करतो. मामाच्या कपाटात एक चांगलं, वापरलेलं कार्ड निघालं. पण होतं लांबलचक. मी कॅबिनेट मोजलं, कार्ड मोजलं, कागदावर आकृती काढली. बसत होतं!

बसवायला गेले, तर नाही बसलं. कार्डाच्या शेपटाला जी वायर लागते, तिची जागा मी मोजलीच नव्हती. समोर हार्ड डिस्कचा पत्र्याचा पिंजरा आडवा येत होता.

काकांनी पिशवीतून लोखंड कापायची हॅकसॉ काढली. तुम्हाला सांगते, हा माणूस पिशवीत हॅकसॉ घेऊन फिरतो!

"काका, थांबा! कंपनीनं विचार करून बनवलंय ते. असं कापायचं नसतं. कागदावर तर व्यवस्थित बसतंय."

"मंग कागदावरच चालव."

दहा मिनिटांत पिंजरा बाहेर. हार्ड डिस्क वर, सीडीच्या रिकाम्या खणात गेली. काकांनी कापलेली कड कानस मारून गुळगुळीत केली, वरून बोट फिरवलं आणि माझं बोटही धरून फिरवलं. "हाय का कुठं धार? न्हाई ना? आता घाल तुझं कार्ड."

कार्ड बसलं. आकृतीचा कागद मी कुणाला दिसणार नाही असा घडी करून ठेवला.

* * *

मेमरीच्या वेळी मात्र मी कुणालाच मध्ये येऊ दिलं नाही. वाकडच्या एका आयटीवाल्या मैत्रिणीकडून तिच्या कॉम्प्युटरमधल्या दोन जुन्या पट्ट्या मिळवल्या होत्या. एक पट्टी खाचेवर ठेवून दाबली. बसेना. अंगठ्यानं जोर लावला. बसेना. मी उभी राहिले.

मागून सविताताईंचा आवाज. "मॅडम, जोर लावायला लागला की समजायचं, कनेक्टर चुकीचा हाय. लाइनवर पहिल्या दिवशी शिकवतेत हे."

पट्टी नव्या जातीची होती, खाच जुनी. दोन वर्षं जर्मनीत राहून मी जे विसरले, ते त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं!

बिस्किटांचा जुना डबा उघडून मामानं बरोबर जातीच्या दोन पट्ट्या काढल्या आणि बसवल्या. चालू केल्यावर कॉम्प्युटर तीनदा ओरडला : पीप, पीप, पीप. म्हणजे मेमरी नीट जोडली गेलेली नाही.

"तीन झाल्या," सविताताई म्हणाल्या, "गॅस बंद करा!"

मामानं पट्ट्या काढल्या, शाळेतलं साधं खोडरबर घेऊन त्यांच्या पिवळ्या कडा घासल्या, परत बसवल्या. या वेळी एकच पीप. मग मला म्हणाला, "मुग्धा, हे तुझ्या प्रबंधात होतं का?"

नव्हतं.

* * *

राहिला पॉवर सप्लाय. आता लोड वाढला होता. पण लेबलवर साडेचारशे वॉट लिहिलेलं होतं, हिशोबात बसत होतं, आणि माझं तत्त्वही होतं. जुनाच ठेवायचा असं मी जाहीर केलं.

तांबे काकांनी तो डबा नुसता तळहातावर तोलला. "हलका हाय."

"काका, वजनाचा काय संबंध? लेबल बघा ना."

"लेबल काय, छापून मिळतं. आत तांबं कमी घातलं की हलका लागायचाच. पोरी, वाचू नगं, उचलून बघ."

मी उचलून बघितलं नाही. त्यांना 'अंदाजे बोलणं' आणि 'मोजून बोलणं' यांतला फरक समजावला. मोजण्याबाबत माझी परिस्थिती काय होती ते तुम्ही वाचलंच आहे. पण काका सज्जन, त्यांनी तोच डबा परत जागेवर बसवला.

ताई कॉम्प्युटर घरी घेऊन गेल्या. दोन दिवस मस्त चालला. ड्रॉइंग भिंगरीसारखं फिरतंय म्हणून त्यांचा फोनही आला. मी हवेत!

शनिवारी, परीक्षेला दोन दिवस असताना, त्या दुकानाच्या पायरीवर उभ्या. स्कूटीवर कॅबिनेट. सुट्टी टाकून सकाळपासून गाडीच्या पूर्ण दरवाजाची वायरिंग काढत बसल्या होत्या. शेवटी सगळं एकदम फिरवून बघितलं आणि कॉम्प्युटर ठप्पकन बंद. परत चालू केला, परत बंद.

"सेव्ह केलं होतं ना?" मी विचारलं.

"पूर्ण झाल्यावर करणार होते."

मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "मॅडम, तुमचं तत्त्व चांगलंच हाय. पण त्याच्यावर माझं ड्रॉइंग होतं."

मी कॅबिनेट उघडून पॉवर सप्लायचा डबा बाहेर काढला आणि उचलून बघितला. पाण्याच्या रिकाम्या बाटलीपेक्षा जरासा जड. मग पिंपरीत जाऊन नवाकोरा पॉवर सप्लाय घेऊन आले. दुकानदारासमोर दोन तळहातांवर तोलून घेतला. तो म्हणाला, "मॅडम, मेथीची जुडी घेताय का?"

* * *

नव्या डब्याला वायरी ढीगभर, जाडजूड. रविवारी सकाळी मी त्या सगळ्या आत कोंबल्या आणि झाकण लावायला लागले. झाकण पोटासारखं पुढे. मी गुडघा लावला.

"उठा मॅडम," सविताताई म्हणाल्या.

त्यांनी सगळ्या वायरी बाहेर ओढल्या, कापडी टेप आणि कात्री मागितली आणि कामाला लागल्या. मी आयुष्यात असे हात बघितले नाहीत. एक वायर पंख्याखालून, एक पत्र्याच्या मागून, तीन एकत्र, टेपचा वेढा, पुढची. मामाच्या हातात चहा होता, तो प्यायचा राहिला. तांबे काका खुर्ची पुढे पुढे सरकवत कॅबिनेटच्या आत जायच्या बेतात होते.

"इतकं सैल का सोडलंत इथे?" मी विचारलं.

"वळण देताना करंगळीएवढी गोलाई ठेवायची. जास्त वाकवली की आतल्या आत तुटती. बाहेरून कळत न्हाई."

झाकण एका बोटानं लागलं. आत वायर आहे की नाही असा संशय यावा, इतकं स्वच्छ! काकांनी वाकून बघितलं आणि चाळीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच एखाद्या कामात त्यांना काही सुचवायला सापडलं नाही. "व्हय," एवढंच म्हणाले.

त्या दिवशी ताई दुकानातच सरावाला बसल्या. कॉम्प्युटर एकदाही बंद पडला नाही.

* * *

सोमवारी परीक्षा झाली. मंगळवारी संध्याकाळी कंपनीची बस फाट्यावर सोडून गेली तशा ताई सरळ दुकानात आल्या, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच. आम्ही तिघंही उभे राहिलो.

"पास?" मी विचारलं.

"आधी ऐका तर. साहेबांनी खुर्ची दिली, चाकाची. बसले. समोर ड्रॉइंग उघडलं. आणि मॅडम, हातच चालंना! पाच मिनिटं झाली, दहा झाली, डोक्यात काहीच येईना. शेजारची बाई खटाखट करायली, आणि मी आपली चाकावर मागं-पुढं."

"मंग?" तांबे काका.

"मंग उठले. खुर्ची मागं सारली. साहेब म्हणले, काही अडचण हाय का? म्हटलं, न्हाई साहेब, उभ्यानं सुचतंय. अख्खं ड्रॉइंग उभ्यानं काढलं!"

"आणि निकाल?"

"पास! एक तारखेपासून ड्रॉइंग सेक्शन. खुर्ची मिळाली."

काका इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. "आता घरी बसायची प्रॅक्टिस करा!"

"करते की," ताई म्हणाल्या. "तेवढं जमंल." मामानं पेढे मागवले, त्यांनी दोन खाल्ले, दोन पिशवीत ठेवले. निघताना स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "माझी लाइनवरची जागा आता भरायलेत. नव्या पोरींना उद्या सात वाजता गेटवर बोलावलंय."

दुसऱ्या दिवशी मी पाचला उठले. केस घट्ट बांधले, चपला बाजूला ठेवून बूट घातले. मामा दारात दूध घेत होता.

"कुठं?"

"चाकणला. गेटवर. लाइनवर शिकायला."

मामानं माझ्या बुटांकडे बघितलं.

"डबा घेतलास का?"