अकरा मामा, एक कोंबडी आणि शेवंतीचं पान

जुनी रजिस्टरं आणि जुनी माणसं एका खोलीत ठेवली की किस्से आपोआप साठतात. झाडून काढायला गेलं तर आणखी दोन निघतात. आमच्या बालगृहाचं तसंच आहे. चर्चने चालवलेलं, पालघरपासून थोडं आत. ऑफिसात तीन लोखंडी कपाटं, एक क्लार्क म्हणजे मी, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत सिस्टर आग्नेस. सिस्टर रिटायर होऊन कैक वर्षं झाली, पण हे त्यांना सांगायची अजून कुणाची हिंमत झालेली नाही!

इथे वाढलेली मुलं मोठी झाल्यावर येतात ती जन्मतारखेसाठी, दाखल्यासाठी, पासपोर्टसाठी. शेवंती गेल्या महिन्यात आली ती वेगळ्याच कामाला. पन्नाशी उलटलेली, वाणगावला राहणारी. नव्या सुनेने तिला सहज विचारलं होतं, तुमच्या माहेरचं कुणीच कसं येत नाही? दुसऱ्या दिवशी ती थेट आमच्या ऑफिसात. चहासुद्धा नको म्हणाली.

"मला भेटाला कदी कोन आलं होतं का, एवडंच बगायचं हाय."

*

मी भेटीचं रजिस्टर काढलं. त्या काळी नियम कडक होता. रविवारी भेटायला फक्त वडील नाहीतर मामा. काका, आजोबा, शेजारी, कुणालाही गेटच्या आत प्रवेश नाही. शेवंतीच्या आधीचं पान शंकर नावाच्या मुलाचं होतं. त्याला एका वर्षात अकरा मामा भेटून गेलेले!

मी विचारलं, सिस्टर, अकरा मामा कसे काय? त्या म्हणाल्या, त्यातला एक मामा तर लुगडं नेसून यायचा.

"मग लिहून कसं घेतलंत?"

"नियम मी केला नव्हता. लिहायचं काम माझं होतं."

शेवंती पदर तोंडाला लावून हसली. मग मी पान उलटलं. वर तिचं नाव आणि खाली नुसत्या रेघा. शेवटपर्यंत कोरं. ती म्हणाली, ऱ्हाऊ द्या, मला ठाऊक होतं. पण उठली नाही, आणि मलाही रजिस्टर मिटवेना.

*

मी म्हटलं, दाखल रजिस्टर बघू. त्यात जन्मतारखेचा एक रकाना आहे. ज्यांची तारीख माहीत नाही त्या सगळ्यांना आधीच्या मोठ्या सिस्टरनी संस्थेच्या सणाचा दिवस देऊन टाकलेला. कारण काय, तर त्या दिवशी केक व्हायचाच.

त्याचं फळ मध्यंतरी मी भोगलं. आमचे एकाच वयाचे चार जण बोईसरला एकाच कारखान्यात लागलेले. चौघंही एकाच दिवशी रिटायर! तिथल्या एचआरचा फोन आला, "मॅडम, ये चारों जुड़वा हैं क्या?" मी सिस्टरांकडे बघितलं. त्या म्हणाल्या, केक एकच होता एवढं सांग त्यांना.

*

दाखल रजिस्टरातच 'सोबत आणलेल्या वस्तू' असाही एक रकाना. जव्हारकडच्या एका पाड्यावरून आजीने नातू आणून सोडला. रिकाम्या हाताने कसं यायचं, म्हणून कोंबडी घेऊन आली. सिस्टरनी लिहिलं, "सदरा एक, कोंबडी एक (जिवंत)."

मुलाने आणलेली वस्तू जाताना परत करायची, हाही नियमच. पोरगा दहावी पास होऊन निघाला तेव्हा सिस्टरनी खरोखर त्याच्या हातात कोंबडी दिली आणि "मिळाली" म्हणून सही घेतली. तीच का हो, मी विचारलं. तर म्हणे, त्याच घराण्यातली!

अशी माणसं हाताशी असताना संस्थेचा इतिहास वेगळा कशाला लिहायचा, असं मला नेहमी वाटतं.

*

शेवंतीची नोंद त्याच रजिस्टरात सापडली. "फ्रॉक एक. आई-वडील नाहीत. शेजारणीने आणून सोडली. गाव दातिवरे." आई हयात असेल तर तेव्हा मूल ठेवून घेत नसत.

ती म्हणाली, चला, गाव तरी कललं. पिशवी उचलली. तेवढ्यात सिस्टर मला म्हणाल्या, तिसऱ्या कपाटातलं स्वयंपाकघराचं रजिस्टर काढ. मी म्हटलं, त्यात काय असणार? त्या म्हणाल्या, काढ तर.

कोण काय घेऊन आलं आणि आतल्या कुणी ते हातात घेतलं, एवढंच त्यात लिहिलेलं. दुधापुढे एक नाव, लाकडांपुढे दुसरं, भाजीपुढे रोज नवं. आणि दर गुरुवारी, पावसाळा सोडून, एक ओळ ठरलेली. "सुके बोंबील. दातिवऱ्याची बाई. घेतले: शेवंती."

मी पान उलटत गेले. पुढच्या वर्षीही तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही. आठ वर्षं.

शेवंती ओळीवरून बोट फिरवत होती.

"ही मासलीवाली? हिच्यावर तर मी चिडायची. दर वेलेला मलाच कशाला बोलवते, हाताला वास येते बोलून."

सिस्टरनी चष्मा काढून मांडीवर ठेवला.

"दोन-तीनदा मी दुसरी मुलगी पाठवून पाहिली. बाई डोक्यावरची पाटीच खाली ठेवेना."