उकंडाचा दुसरा अर्ज

उकंडराव दौलतराव अंभोरे याच्याविषयी लिहायचं तर आधी त्याच्या नावाविषयी लिहावं लागतं. या नावाचा विमान चालवलेला दुसरा माणूस देशात असेल असं मला वाटत नाही. भागिरथेची पहिली दोन लेकरं पाळण्यातच गेली. तिसरं झालं तेव्हा सुईणीनं ते सुपात घालून गावाबाहेरच्या उकिरड्यावर ठेवलं, आणि शेजारणीनं उचलून 'हे सापडलं, घे' म्हणत परत तिच्या ओटीत घातलं. फेकून दिलेल्या पोराकडे मरणाचं लक्ष जात नाही अशी तेव्हाची समजूत. उकिरड्याला आमच्याकडे उकंडा म्हणतात, म्हणून नाव उकंडा. पोरगं जगलं. पुढे छप्पन साली भागिरथा त्याला बोटाला धरून नागपूरला गेली, दीक्षा घेऊन आली, आणि असल्या सगळ्या समजुती तिनं सोडून दिल्या. नाव तेवढं राहिलं.

मी घेवरचंद. शेलूबाजारला आमचं किराणा-कापडाचं दुकान आहे. उकंडा जवळच्या किन्हीराजा गावचा, पण हायस्कूलला आम्ही एका बाकावर होतो. मी त्याची गणितं उतरवून घ्यायचो आणि तो माझ्या डब्यातल्या पुऱ्या खायचा. घरी आला की आमच्या आईकडे त्याचा कप वेगळा असायचा, खिडकीत पालथा घातलेला. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण ज्या बाईची ही गोष्ट आहे तिच्या बाबतीत खोटं लिहायची माझी छाती नाही. कारण पुढे कळेलच.

दौलतराव उकंडा चौथीत असतानाच वारला. भागिरथेनं मजुरी करून पोराला शिकवलं. औरंगाबादच्या कॉलेजात गेल्यावर तो एनसीसीच्या विमान शाखेत शिरला आणि तिथून कसकशा परीक्षा देत एकाहत्तरची लढाई संपल्यावर हवाई दलाच्या वैमानिक प्रशिक्षणाला निवडला गेला. किन्हीराजानं त्याला लेझीम खेळत रस्त्यापर्यंत सोडलं. मी तर त्याच्या काळ्या ट्रंकेवर स्वतःच्या हातानं पांढऱ्या रंगात नाव घातलं. भागिरथा तेवढी गप्प होती. दोन लेकरं मातीत गेलेल्या बाईला तिसरं आभाळात जाणार याचं काय कौतुक वाटावं!

त्र्याहत्तरच्या डिसेंबरात उकंडा परत आला. ट्रंक तीच, नाव तसंच. गावाला वाटलं रजेवर आलाय. महिना गेला, दोन गेले, तेव्हा गावाच्या लक्षात आलं. विमानाचा आवाज आला की माणसं आधी वर बघायची आणि मग उकंडाकडे. त्यानं मान वर करायचं सोडूनच दिलं होतं. तो रस्त्याच्या कामावर मुकादमाच्या हाताखाली हजेरी लिहायला लागला.

खरं काय झालं ते त्यानं मला एकट्यालाच सांगितलं, आमच्या गोदामात, तुरीच्या पोत्यांवर बसून. एकट्यानं विमान नेण्याची ती त्याची तिसरी खेप होती. वळताना विमानाचं नाक खाली गेलं, इंजिनाचा सूर बदलला. शिकवलेलं हातांना आठवलं, विमान सरळ झालं, नीट उतरलंही. "पन उतरल्यावर पाय खाली ठेवता येईना घेवर. दोघाइनं धरून काढलं मले." शिकवणारे साहेब भले होते. म्हणाले, होतं असं, उद्या पुन्हा जा. तीन दिवस तो गेला नाही. चौथ्या दिवशी त्यानं स्वतःहून सोडून जाण्याचा कागद मागितला. कागदावर 'कारण' असा रकाना होता. त्यात यानं लिहिलं: आईची प्रकृती गंभीर, घरी दुसरं कोणी नाही.

दुसरं कोणी नाही एवढंच त्यात खरं होतं. ही गंभीर प्रकृती त्या दिवसांत दुसऱ्याच्या वावरात दिवसाला वीस किलो कापूस वेचत होती.

वर्षभर त्यानं कसं काढलं ते मी पाहिलंय. संध्याकाळी कामावरून आला की आईला पाटीवर अक्षरं शिकवायचा. भागिरथेची बोटं विळ्याला सरावलेली, पेन्सिल तिच्या हातात मोडायचीच. पण बाई हट्टी. चार महिन्यांत ती स्वतःचं नाव लिहायला लागली. 'भागिरथा' पुरं व्हायला तिला एवढा वेळ लागे की मी तेवढ्यात एक अख्खी बिडी ओढून घ्यायचो.

पंच्याहत्तर उजाडलं आणि उकंडानं पुन्हा अर्ज करायचं काढलं. जुलैत त्याला चोवीस पूर्ण होणार होती, नंतर दार कायमचंच बंद. मी म्हटलं, लेका, पाय थरथरले होते ना तुझे? पुन्हा कशाला मरायला जातोस?

"मले उडायचंच हाय असं नाई रे," तो म्हणाला. "त्या कागदावर माही सही हाय. ते रोज दिसते मले."

स्वतःहून सोडलेल्याला परत घेत नाहीत हे त्यालाही ठाऊक होतं. तरी त्यानं एकामागून एक तीन पत्रं धाडली. पहिल्या दोन पत्रांना उत्तर आलं नाही. तिसऱ्याला आलं. मजकूर एवढाच, की तुम्ही घरगुती अडचणीमुळे गेलात असं नोंदलं आहे. ती अडचण आता उरलेली नाही असा आईचा सहीनिशी जबाब पंधरा दिवसांत पाठवा, मग तुमच्या अर्जाचा विचार करू.

मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. काकांच्या अडतीवर टाइपरायटर होता, त्यावर मी जबाब तयार केला. मला तेव्हा स्वतःच्या हुशारीचा फार अभिमान होता. मी भागिरथेला विषमज्वर दिला, तीन महिने अंथरुणाला खिळवलं, आणि शेवटच्या परिच्छेदात नागपूरच्या डॉक्टरकडून ठणठणीत बरीही केली. कागद घेऊन आम्ही दोघं किन्हीराजाला गेलो. ती अंगणात तूर पाखडत होती. मी तिला एकेक ओळ मराठीत समजावून सांगितली. तिचं सूप थांबलं.

"कोन आजारी होतं?"

"तू, माय. कागदापुरती."

"मी एक दिवस निजून नाई राह्यली. हे पोट्टं झालं तवा आठव्या दिवशी निंदायले गेली होती मी. कायले आजारी पाडून राह्यला मले?"

मी उकंडाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. भागिरथेनंही त्याच्याकडे पाहिलं, आणि तिला समजायला वेळ लागला नाही.

"हेच लिवून आला होता का तू तिथं? माय आजारी म्हनून?"

त्यानं मान डोलावली.

"बाया वरीसभर म्हनून राह्यल्या, भागिरथानं पोराले ओढून आनलं. तू आयकत होता."

"मी गावात काईच नाई सांगतलं, माय."

"नाई बी नाई म्हनला."

मीच मध्ये तोंड घातलं, म्हटलं, झालं ते झालं, आता एका सहीचं तर काम आहे. ती माझ्यावर घसरली. "विहारात दर पुनवेले मुसावादा म्हनतो आमी, खोटं बोलनार नाई म्हनून. ते काय भिताडाले सांगतो? अन् तुमच्यात चालते का रे खोटं, घेवर?"

"दुकान सोडून नाही चालत," मी म्हणालो. ती हसली नाही.

"जिंदगीत पह्यली सही करून राह्यली मी," ती म्हणाली. "ते खोट्यावर नाई करत."

उकंडा उठला. त्याला एवढा चिडलेला मी कधी पाहिला नव्हता. "सरळ सांग नं, तुले मले जाऊच द्यायचं नाई! पंचशील कायले मधात आनतं?"

ती सूप उचलून पुन्हा पाखडायला लागली. आम्ही एसटी पकडून शेलूबाजारला आलो. सांगायला लाज वाटते, पण मलाही तेव्हा उकंडाचंच खरं वाटलं. म्हातारीला पोरगं हाताशी हवंय आणि धर्माचं नाव पुढे करतेय, असंच मी मनात म्हणालो.

चार दिवस तो आमच्या गोदामातच राहिला. मुदत संपायला आठवडा उरला तेव्हा माझा धीर सुटला. मी दुसरा कागद टाइप केला, डाव्या हातात पेन धरलं आणि खाली 'भागिरथा' लिहिलं. चांगलं वाकडंतिकडं जमलं होतं. उकंडानं कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला.

"तिले एवढं सोपं नाई जात," तो म्हणाला.

त्यानं कागदाचे चार तुकडे केले आणि टाइपरायटरसमोर मला बसवलं. मग त्यानं जे सांगितलं ते मी टाइप करत गेलो, मध्येच थांबून त्याला शिव्याही दिल्या. माझी आई आजारी नव्हती. मी दिलेलं कारण खोटं होतं. तिसऱ्या एकट्याच्या उड्डाणात मी घाबरलो आणि घाबरलो असं लिहायची मला लाज वाटली. मला पुन्हा तपासून पाहावं ही विनंती.

"हे धाडलंस तर संपलंच बघ," मी म्हणालो.

"संपू दे," तो म्हणाला, आणि सही केली.

दुसऱ्या दिवशी आम्ही पाकीट टाकणार तोच भागिरथा दुकानाच्या पायरीशी उभी. तिनं उकंडाचं पत्र माझ्याकडून समजून घेतलं. मग त्याला म्हणाली, "तू बाहीर बस." आणि मला म्हणाली, "आईचा जबाब मांगितला नं त्याइनं? लिव. मी सांगतो तसंच लिव, तुही हुशारी नको."

मी मराठीत, तिच्याच शब्दांत लिहिलं. तिनं सही केली. दुकानात गिऱ्हाइकं होती, आमची आई आतल्या दारात उभी होती, आणि सगळे त्या पेनाकडे बघत होते. चारही अक्षरं झाल्यावर तिनं कपाळाचा घाम पुसला. आईनं आतून चहा आणला. खिडकीतला कप नव्हता, घरातलाच होता. माझ्या आईला कोणी काही बोललं नव्हतं. मी पाकीट चिकटवलं. आत काय लिहिलंय ते मी उकंडाला सांगितलं नाही, आणि माझ्या पोटात इतके दिवस राहिलेली ती एकच गोष्ट असावी.

जूनमध्ये मुलाखतीचं बोलावणं आलं. आमचा विश्वासच बसेना.

पुढचं उकंडानं परत आल्यावर सांगितलं. टेबलापलीकडे तीन साहेब होते. त्याचा स्वतःचा कागद त्यांनी बाजूला ठेवला होता. मधल्या साहेबांनी दुसराच एक कागद त्याच्यापुढे सरकवला. हे मराठीत आहे, आमच्यात मराठी कोणाला येत नाही, तूच वाच आणि हिंदीत सांग, म्हणाले. उकंडानं तो तेव्हाच पहिल्यांदा पाहिला. त्यात एवढंच होतं:

'मी भागिरथा दौलत अंभोरे. मी आजारी नव्हती. पोरगं घाबरून आलं अन् माझं नाव सांगतलं. पण मीबी खरं सांगतो. तो गेला तवापासून मी रोज मनात म्हणे, हा वापस यावा. तो आला तवा मले आनंद झाला. तो मान खाली घालून बसे अन् मी खुशीत भाकर थापे. तवा कसूर एकट्या त्याची नाही. माझे दोन लेकरं आधी गेले, हा तिसरा. माझं मन आजबी नाही म्हणते. पण मी हो म्हणतो. त्याले जाऊ द्या.'

"अर्ध्यात माहा आवाजच गेला," उकंडा म्हणाला. "साहेबानं पानी देल्लं. मंग म्हने, पुरं वाच." त्यानं पुरं वाचलं. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, आता भीती वाटत नाही का? "मी म्हनलं, वाटते साहेब." मी कपाळावर हात मारून घेतला.

उत्तर यायला महिना लागला. विमान चालवण्याच्या प्रशिक्षणात पुन्हा घेता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. पण जमिनीवरून विमानांना वाट दाखवायच्या, उतरवून घ्यायच्या कामाच्या शिक्षणासाठी त्याची निवड झाली होती. उकंडानं ते पत्र दोनदा वाचलं आणि आमच्या पोत्यांवर बसून लहान पोरासारखा रडला. सुखानं की दुःखानं ते मी विचारलं नाही. मलाही रडू येत होतं.

तो निघाला त्या दिवशी या खेपेला लेझीम नव्हतं. शेलूबाजारच्या स्टँडवर वाशीमची एसटी लागली होती, तीच ती काळी ट्रंक टपावर चढली. भागिरथेनं फडक्यात बांधलेल्या भाकरी त्याच्या हातात दिल्या.

"वर नाई जात नं आता तू?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

"नाई माय. खाली बसून वरच्याइले उतरवाचं काम हाय."

"त्यातला एखादा घाबरला तं?"

"त्याले पह्यले उतरवीन."

तिचं समाधान झालेलं दिसलं. कंडक्टरनं घंटी मारली. उकंडा खिडकीपाशी बसला, तशी ती गाडीबरोबर चार पावलं चालत गेली आणि सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली,

"घाबरला तं घाबरलो म्हन! माहं नाव नको सांगू!"